चोवीस झाकणं

एर्सिलियाबाईंना, आमच्याकडच्या भाषेत दोन्या एर्सिलियांना, मी ओळखत होतो असं मला म्हणता येणार नाही. सव्वीस वर्षं त्या माझ्या दुकानात येत होत्या, पण मधे कायम दुकानाची फळी असायची. फळीच्या अलीकडून माणसाचं जेवढं कळतं तेवढंच मला कळलं. त्या काय घेतात, किती घेतात, काय हातात घेऊन परत ठेवतात. त्यांचं लग्न कसं ठरलं, शहरातल्या मुलीशी त्यांचं का पटत नव्हतं, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून त्या काय मागायच्या, हे मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. बोलायच्या वेळी गप्प राहायची मला खोड आहे, आणि त्या खोडीपायी एकदा जे झालं तेवढंच मला सांगता येईल.

लास पिएद्रितासमध्ये किराण्याचं दुकान एकच, माझं. माझे आजोबा सिरियातून समुद्र ओलांडून इथे मेंदोसा प्रांतात आले, आणि तिकडून आलेले सगळे इथे तुर्कच, म्हणून आख्खं गाव मला तुर्को म्हणतं. नाईम हे नाव फक्त टपालावर असतं. दोन्या एर्सिलियांचं घर पाटाच्या पलीकडे, शेवटच्या पॉपलरच्या झाडांपाशी. नवरा ओरेस्ते, थोडा द्राक्षमळा, मागे भाजीचे वाफे, कोंबड्या. ओरेस्तेशी माझी पत्त्यांची दोस्ती होती. तो माझ्याहून वयाने बराच मोठा, पण पत्ते खेळताना अहो-जाहो कोण करतं.

दर फेब्रुवारीत, आमच्याकडचा उन्हाळा सरताना, बाई लाल ढोबळ्या मिरच्या निखाऱ्यावर भाजून, सोलून काचेच्या बरण्यांत भरायच्या. त्या आठवड्यात सगळ्या गावावर भाजक्या मिरचीचा वास असायचा. त्यासाठी लागणारी यादी मला पाठ होती. दहा लिटर व्हिनेगर, दोन किलो जाडं मीठ, तमालपत्र आणि चोवीस नवी झाकणं. बरण्या जुन्याच असत, पण झाकण दरवर्षी नवं. चोवीसपैकी दहा बरण्या घरात राहायच्या आणि चौदा गावात जायच्या. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी चर्च सुटल्यावर त्या घरोघर जाऊन एकेक बरणी द्यायच्या. घेणाऱ्याने ती लगेच फोडायची नसते. पहिली थंडी पडेपर्यंत मुरू द्यायची, ही आमच्याकडची रीत. ती मोडणाऱ्याला बायका हावरट म्हणतात.

पंचाण्णवच्या नोव्हेंबरात ओरेस्ते मळ्यात वेल बांधता बांधता पडला. हृदय थकलेलं आणि पोटात जुना व्रण. बारा दिवसांनी तो इस्पितळातून घरी आला तो एक कागद घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई तो कागद घेऊन दुकानात आल्या आणि फळीवर पसरून मोठ्याने वाचायला लागल्या, जणू मीच पथ्य पाळणार होतो.

“मीठ नाही. खारवलेलं मांस नाही. सलामी नाही. जुनं चीज नाही. तिखट नाही. व्हिनेगर नाही. वाइन...” त्या थांबल्या.

“वाइनचं काय?” मागून पाल्मिराने विचारलं. पाल्मिरा त्यांची शेजारीण. तिची जीभ गावाला ठाऊक होती.

“अर्धा पेला. फक्त रविवारी.”

“मग त्याला तिथेच ठेवायचं होतंस,” पाल्मिरा म्हणाली. “निदान नर्सा तरी दिसल्या असत्या.”

बाई हसल्या नाहीत. इतक्या वर्षांत ज्या मांडण्यांवरून त्या डोळे मिटून वस्तू उचलायच्या, त्या मांडण्यांसमोर त्या दिवशी परक्या गावात आल्यासारख्या उभ्या राहिल्या. ओरेस्तेचा चष्मा नाकावर ठेवून त्या एकेक डबा फिरवून बारीक अक्षरं वाचू लागल्या.

“तुर्को, ह्या वाटाण्यात मीठ का घालतात?”

“टिकायला, दोन्या एर्सिलिया.”

“आणि बिस्किटात? ती तर गोड आहेत.”

“त्यातही असतं थोडं.”

त्यांनी बिस्किटांचा पुडा पटकन खाली ठेवला, हाताला चटका बसल्यासारखा. त्या दिवशी त्यांनी तांदूळ, लाल भोपळा आणि बिनमिठाचं लोणी एवढंच नेलं. मी शहरातल्या भट्टीवाल्याला सांगून रोज दोन बिनमिठाचे पाव मागवायला लागलो. पुढचे तीन महिने त्यांची खरेदी अशीच चालली. एका वस्तूला पाच पाच मिनिटं लागायची. एकदा दुकानात कोणी नव्हतं तेव्हा त्या तांदळाच्या पोत्याकडे बघत म्हणाल्या, “मी काहीतरी चुकीचं नेईन आणि तो जेवता जेवता जाईल.” मी पोत्याचं तोंड बांधत राहिलो.

ओरेस्ते चिडलेला होता. “आमच्या घरात आता पाण्यालाच काय ती चव आहे,” तो पत्ते पिसताना म्हणायचा. पथ्यापेक्षा वेगळं ताट त्याच्या मनाला जास्त लागायचं. बायकोच्या ताटात एक आणि त्याच्या ताटात दुसरं, हे त्याला बघवत नव्हतं. “कुत्र्यालासुद्धा आपण आपल्यातलंच देतो, तुर्को. मला वेगळं शिजवते.” मग तो जेवायचाच नाही. हे त्या माउलीच्या फार जिव्हारी लागलं असावं. असावं म्हणतो, कारण पुढे त्यांनी जे केलं त्यावरून मी हे ताडलं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्या झाकणं न्यायला आल्या. चोवीस मोजून घेतली. तमालपत्राची पुडी घेतली. मी सवयीने व्हिनेगरच्या कॅनकडे वळलो.

“ते नको,” त्या म्हणाल्या. “आणि मीठही नको.”

मी तरुणपणी दोन हंगाम शहराजवळच्या डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात काम केलं होतं. मिरच्यांच्याच ओळीवर होतो. तिथे एक बाई प्रत्येक डब्यात मोजून लिंबूसत्त्व घालायची. एकदा तिचा चमचा चुकला तेव्हा फोरमनने सगळी ओळ थांबवून आधीचे दोनशे डबे फोडायला लावले होते. ज्या भाजीत आंबट नाही ती हवाबंद केली की आत विष तयार होऊ शकतं, असं त्याने आम्हाला उभं करून सांगितलं होतं. त्याला वास नसतो. रंगही नसतो. झाकण फुगेलच असंही नसतं.

हे सगळं मला त्या क्षणी आठवलं. मी तोंड उघडलं.

“काय रे?” बाईंनी विचारलं.

समोर माझ्याहून मोठी बाई, चाळीस वर्षं बरण्या भरणारी. तिला मी काय शिकवणार. वाटलं, लिंबू पिळणार असतील. वाटलं, फक्त ओरेस्तेपुरत्या दोन-तीन भरून लगेच संपवणार असतील.

“तमालपत्र एवढंच पुरेल का, म्हटलं.”

“पुरेल. तमालपत्राला डॉक्टरची ना नाही,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

शेवटच्या रविवारी त्यांनी माझी बरणी दुकानाच्या मागच्या दाराशी आणून दिली. लाल, सुंदर, काठोकाठ. “यंदा सगळ्यांना ओरेस्तेचीच,” त्या म्हणाल्या. “आख्खं गाव जे खाईल तेच तो खाईल. आता बघू कसा रुसतो.” खूप दिवसांनी त्या हसत होत्या.

बुधवारी मी ती बरणी फोडली. हावरटपणा नव्हता तो. मला बघायचं होतं, आत व्हिनेगर आहे का. नाकाने कळेना, म्हणून चिमट्याने तीन पट्ट्या काढून पावाबरोबर खाल्ल्या. आंबटपणाचा मागमूस नव्हता. आता लिहितानाही मला कळत नाही की ज्याची भीती होती तेच मी तोंडात का घातलं. आणि त्याहून वाईट म्हणजे गुरुवारी त्या पाव न्यायला आल्या तेव्हाही मी काही बोललो नाही.

शुक्रवारी सकाळी दुकानात रेडिओ चालू होता. बाई तांदळाचा पुडा हातात घेऊन उभ्या होत्या. उत्तरेकडच्या एका गावातल्या घरातले चौघे इस्पितळात आहेत, असं रेडिओ सांगू लागला. दोघांचा श्वास यंत्रावर. घरी भरलेल्या मिरच्या खाल्ल्या होत्या. विषावरचा उतारा राजधानीतून विमानाने आणत आहेत.

त्यांनी पुडा फळीवर अगदी हळू ठेवला.

“तुर्को, व्हिनेगर नसलं तर तसं होतं का?”

“होऊ शकतं.”

“मी दोन तास उकळल्यात बरण्या. एरवी पाऊण तास. ह्या वेळी मुद्दाम दोन.”

“उकळून जात नाही ते. आंबट लागतं. कारखान्यात आम्ही...”

“तू कारखान्यात होतास.”

“दोन हंगाम.”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

मी मान डोलावली.

“मी झाकणं नेली आणि व्हिनेगर नेलं नाही. हे तू बघितलंस.”

“बघितलं.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त बोटांवर नावं मोजायला सुरुवात केली. शाळेतली बाई, पाल्मिरा, रोके मेकॅनिकची तिन्ही पोरं. एका हाताची बोटं संपल्यावर दुसऱ्या हातावर जाताना त्यांची मोजणी चुकली, आणि त्या पहिल्यापासून सुरू झाल्या.

“ओरेस्ते,” त्या एकदम म्हणाल्या. “मी रीत म्हणून हात लावला नाही, पण तो दोन आठवडे रोज खातोय.”

मी दुकान बंद केलं. पिकअप काढली. पाट ओलांडेपर्यंत त्या दोन्ही हात गुडघ्यांवर आवळून बसल्या होत्या. ओरेस्ते मांडवाखाली खुर्चीवर बसून माते, आमचा पाल्याचा कडू चहा, पीत होता. बाईंनी जाऊन त्याची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं.

“काय झालं? मेलो की काय मी?”

“गप्प. मी एक दिसते की दोन?”

“देवाच्या दयेने एकच.”

“मिरच्या रोज खातोस ना?”

तो माझ्याकडे बघत जरा थांबला. “खातो की. तूच तर वाढतेस.”

बाईंनी त्याची हनुवटी सोडली. आम्ही दोघं तसेच गावच्या दवाखान्यात गेलो. तिथली नर्स ग्रासिएला तरुण होती, पण तिचं डोकं ठिकाणावर होतं. तिने शहराच्या इस्पितळाला फोन लावला, बराच वेळ ऐकून घेतलं, आणि आम्हाला सांगितलं: एकही बरणी उघडायची नाही, चाखायची तर मुळीच नाही. सगळ्या गोळा करून खोल पुरायच्या. ज्यांनी खाल्लंय त्यांच्यावर खाल्ल्या दिवसापासून दहा दिवस नजर ठेवायची. पापण्या जड होणं, दोन दोन दिसणं, जीभ जाड होणं, घास न उतरणं. ह्यातलं काहीही दिसलं की त्याच क्षणी गाडीत घालून शहरात. “थांबायचं नाही,” ती म्हणाली. “शहर सव्वा तासावर आहे आणि हे विष श्वासावर जातं.”

ती सांगत असताना मी जीभ दातांवरून फिरवून बघत होतो. माझा बुधवार कोणालाच ठाऊक नव्हता.

गाडीत मी म्हणालो, “झाकणं खराब निघाली असं सांगू. माझ्या दुकानाची चूक म्हणून. नाहीतरी...”

त्यांनी मान डोलावली. पहिलं घर पाल्मिराचं. झाकणाची गोष्ट ऐकून ती म्हणाली, “एवढंच ना? नवं झाकण दे, मी बसवते. बरणी कशाला नेतेस? माझ्याहून मोठ्या कुटुंबाला देणार असशील.”

बाई दारात उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “मी त्यात व्हिनेगर घातलं नाही, पाल्मिरा. आत विष असू शकतं. रेडिओवर सांगितलं तसलं.”

पाल्मिराला गप्प झालेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं. ती आत गेली आणि बरणी दोन्ही हातांत लांब धरून घेऊन आली.

त्यानंतर बाईंनी झाकणाचं नाव काढलं नाही. प्रत्येक दारात तेच वाक्य. मी विष असू शकेल अशा मिरच्या दिल्या, परत द्या. काही जण घाबरले, एकीने दार लावून घेतलं आणि बरणी खिडकीतून दिली. शाळेतल्या बाईंनी त्यांना जवळ घेतलं, तेव्हा त्या लाकडासारख्या ताठ उभ्या राहिल्या. रीत म्हणून बहुतेकांनी बरण्या फोडल्या नव्हत्या. दर घरातून बाहेर येऊन त्या गाडीच्या मागच्या बाजूला जायच्या आणि झाकणं मोजायच्या.

द्राक्षतोडणीला आलेल्या मजुरांपैकी सेनोबिया म्हणून एक बाई होती, बोलिव्हियाची. तिलाही बरणी गेली होती. ती मळा बदलून पुढच्या वाडीला गेली होती. तिला शोधायला तास गेला. तिने बरणी शालीत गुंडाळून कपड्यांच्या तळाशी ठेवली होती.

“ही मी आईला नेणार आहे,” ती म्हणाली. “एवढ्या लांब कुणी काही दिलं म्हणून दाखवायला. दिलेलं परत मागतात का, सेन्योरा?”

“मागतात,” दोन्या एर्सिलिया म्हणाल्या. “आई मरू नये म्हणून मागतात. दे.”

सेनोबियाने शाल सोडली. बाईंनी आपल्या गळ्यातला रुमाल काढून तिच्या हातात ठेवला. मोबदला म्हणून असेल, किंवा हाताला काहीतरी करायला हवं होतं म्हणून. मला सांगता येणार नाही.

बारा बरण्या न फोडलेल्या मिळाल्या. तेरावी रोके मेकॅनिकची. त्याच्या घरी अंगणात मांस भाजलं होतं, त्याबरोबर रविवारीच फस्त झाली होती. रोके, बायको नेल्ली, तीन पोरं. बाईंनी पाचही जणांना रांगेने उभं करून वर बघायला लावलं. धाकटी मुलगी खेळ समजून डोळे फिरवायला लागली, तेव्हा बाईंनी तिला इतक्या जोरात धरलं की ती रडली.

चौदावी माझी. ती मी दुकानाच्या मागून वर्तमानपत्रात गुंडाळून आणली आणि बाकीच्यांत ठेवली.

“फोडली नव्हतीस ना?”

“नाही,” मी म्हणालो. त्या दिवशी त्यांच्या बोटांवर आणखी एक नाव चढवायचं माझ्या जिवावर आलं. हे खरं आहे. हेही खरं आहे की मला लाज वाटत होती.

दुपारी आम्ही त्यांच्या मळ्याच्या टोकाला गेलो. घरातल्या सहा न फोडलेल्या बरण्या आणि चार रिकाम्या त्यांनी आणल्या. चार ओरेस्तेने संपवलेल्या. ओरेस्ते काठी टेकत मागे आला आणि सावलीत उभा राहिला. मी पॉपलरांच्या बुडाशी, जिथे माती मऊ दिसली, तिथे कुदळ मारली.

“तिथे नको,” ओरेस्ते म्हणाला.

“का? माती भुसभुशीत आहे.”

“तिथे नको म्हणतो ना. पलीकडे खण.”

“इथे काय आहे?” बाईंनी विचारलं.

मी आणखी एक घाव घातला तर मातीबरोबर तांबडं पीस वर आलं.

“कोंबड्या आहेत,” ओरेस्ते म्हणाला. “दोन. मंगळवारी मेल्या. मीच पुरल्या.”

“मला म्हणालास कोल्ह्याने नेल्या.”

“कशा मेल्या?” मी विचारलं.

त्याने काठी जमिनीवर घासली. “मान टाकली त्यांनी. ओल्या फडक्यासारखी. डोळे उघडे, पण मान उचलता येईना. मला वाटलं उन्हाने.”

बाई त्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. “काय घातलं होतंस त्यांना?”

“तुझ्या मिरच्या,” तो म्हणाला. “पहिल्या दिवसापासून. एर्सिलिया, त्यांना चवच नव्हती. तू एवढ्या मनाने केल्यास, मग नको कसं म्हणायचं. तू स्वयंपाकघरात वळलीस की मी ताट कुंपणापलीकडे करायचो.”

“एकही खाल्ली नाहीस?”

“एकही नाही.”

मला वाटलं त्या त्याला मारतील. त्यांनी त्याच्या दंडाला धरलं आणि त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं. पण ते क्षणभरच. मग त्या माझ्याकडे वळल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते सकाळपासून नव्हतं. सकाळी ते “असू शकेल” होतं. आता दोन कोंबड्या मातीत होत्या. एका बरणीत तरी ते होतं. मग रोकेच्या बरणीत होतं का, आणि माझ्यातल्या तीन पट्ट्यांत? हे त्या जमिनीत पडलेल्या तांबड्या पिसाकडे बघून सांगता येणार नव्हतं.

मी पलीकडे खोल खड्डा खणला. बरण्या न उघडता ठेवल्या, वर चुन्याची पोती ओतली. बाईंनी प्रत्येक बरणी खाली देताना मोठ्याने आकडा म्हटला. माझी वर्तमानपत्रातली बरणी देताना त्यांचा हात किंचित थांबला. त्यांनी ती तळहातावर तोलल्यासारखी केली. मग म्हणाल्या, “तेवीस.” शेवटची रोकेची रिकामी बरणी. “चोवीस.”

पुढचे दिवस कसे गेले ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दोन्या एर्सिलिया रोज सकाळी पाव न्यायला यायच्या, आणि पावाआधी दुकानात जो असेल त्याला म्हणायच्या, “वर बघ.” लोक बघायचे. कुणी हसलं नाही. तिथून त्या रोकेकडे जायच्या आणि तिन्ही पोरांना पाणी पाजून गिळताना बघायच्या. मीही उठल्या उठल्या आरशात पापण्या बघायचो आणि दुकानाच्या ह्या टोकावरून त्या टोकाच्या डब्यांवरची अक्षरं वाचायचो. एकदा वरच्या ओळीतली अक्षरं हलल्यासारखी वाटली. मी घामाने भिजून स्टुलावर बसलो. गाडीची किल्ली त्या दिवसापासून खिशात ठेवली. पण मी गाडी चालवत असताना पापण्या मिटल्या तर, हे लक्षात आल्यावर किल्लीचाही धीर राहिला नाही.

शनिवारी दुपारी नेल्ली पळत आली. “रोकेला दोन दोन दिसतंय.”

“रोकेला दर शनिवारी दोन दोन दिसतं,” पाल्मिरा म्हणाली, पण म्हणताना तिचा चेहरा पांढरा होता.

दोन्या एर्सिलिया आधीच दाराबाहेर होत्या. रोके भिंतीला टेकून बसला होता, श्वासाला वाइनचा भपकारा. तरी बाईंनी त्याला माझ्या पिकअपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, आणि त्याची नशा उतरेपर्यंत दोन तास त्याच्यासमोर स्टूल टाकून बसल्या. दर दहा मिनिटांनी, “किती बोटं?” शेवटी तो म्हणाला, “तीन. आणि अंगठ्याला चीर पडलीय.” ग्रासिएलाने त्याला घरी सोडलं.

पुढच्या बुधवारी रोकेच्या घराचे दहा दिवस भरले. कुणालाही काही झालं नाही. लोक पुन्हा मोठ्याने बोलायला लागले. मला वाटलं, बाई आता सकाळचं “वर बघ” सोडून देतील.

गुरुवारी त्या आल्या, आणि दुकानात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. “वर बघ,” त्या म्हणाल्या. मी बघितलं. शुक्रवारी तसंच. शनिवारी त्यांनी पाव पिशवीत घातले, चष्मा लावला, आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

“बुधवारी खाल्लीस ना?”

मी पावाचे सुटे पैसे मोजायला लागलो.

“बरणी हलकी होती. मी भरलेली बरणी मला कळत नाही का?”

“तीनच पट्ट्या,” मी म्हणालो.

“मग आज दहा झाले.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “चव कशी होती?”

“काहीच चव नव्हती, दोन्या एर्सिलिया.”

“ओरेस्तेही तेच म्हणतो,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

माझ्या गप्प राहण्याबद्दल त्यांनी मला पुन्हा एक शब्दही विचारला नाही. क्षमा केली की विसरल्या, की प्रत्येक वेळी फळीपाशी उभ्या राहिल्या की त्यांना ते आठवायचं, हे मला कळलं नाही. दुसऱ्या वर्षी त्या झाकणं न्यायला आल्या तेव्हा त्यांनी तोंड उघडायच्या आत मी विचारलं, “व्हिनेगर?” “दहा लिटर,” त्या म्हणाल्या. ओरेस्तेला त्या ताज्या मिरच्या भाजून रोजच्या रोज द्यायला लागल्या. त्या वेगळ्या ताटात असायच्या, तो कुरकुर करायचा, पण खायचा. कोंबड्यांचं कुंपण त्यांनी घराच्या पार मागे हलवलं. ओरेस्ते आणखी पाच वर्षं जगला.

तो गेल्यानंतरही त्या यायच्या. चाल मंद झाली होती. एका मंगळवारी त्या शेवटच्या आल्या. शेवटच्या आहेत हे अर्थातच आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

“व्हिनेगर आहे ना घरात?” मी विचारलं. हंगाम नसतानाही मी विचारायचो.

“आहे. वर बघ.”

मी वर बघितलं.

“ठीक,” त्या म्हणाल्या. “उद्यापासून एकच पाव ठेव. दोन संपत नाहीत.”

“बिनमिठाचाच?”

“मग कसला, तुर्को.”